अंगानं धरून ठेवलेलं मीठ

माझी मुलगी वीस दिवसांची होती तेव्हा एका सकाळी माझ्या पायात चप्पल जाईना. साधी रबराची चप्पल, बाथरूमला जायची. मला वाटलं कुणाची दुसरीच घातली. वाकून बघितलं तर चप्पल माझीच होती, पायच माझा नव्हता. फुगलेला, चकचकीत, घोटा दिसत नाय, पैंजण मांसात रुतलेलं. नुसती वाकले तेवढ्यानं धाप लागली. भिंतीला हात लावून उभी राहिले, आणि कोणाला काय बोलले नाय.

का नाय बोलले? बाळंतिणीचं काय दुखत नाय ते सांगा. पाठ दुखते, टाके दुखतात, झोप नसते. त्याच्यात पाय सुजले हे काय सांगायचं? आणि मी घाबरलेली. सांगितलं म्हंजे ते खरं होईल असं मला वाटायचं.

आमचं घर रोडपालीला, तिसऱ्या मजल्यावर. सासरचं मूळ गाव जासईच्या बाजूला. तिथं सासऱ्यांचं मिठागर होतं, आता तिथं कंटेनर एकावर एक ठेवलेले असतात आणि माझा नवरा त्याच यार्डात कामाला जातो. सासरे नाय राहिले. घरात सासूबाई, नवरा, मी आणि पोरगी. सासूबाईंना मी आत्या बोलते. पहिलं बाळंतपण आईकडे करतात, पण माझी आई आपट्याला एकटी, तिचाच गुडघा कामातून गेलेला, म्हणून माझं सगळं आत्यांनी केलं. एकदापण कपाळाला आठी नाय पाडली. हे मी आधीच सांगते, कारण पुढं जे सांगणार हाय ते वाचून कोणी त्यांना वाईट बोलू नका.

त्या सोळा वर्षांच्या असल्यापासून मिठागरावर. एप्रिल-मेच्या उन्हात गुडघाभर खाऱ्या पाण्यात उभं राहून लाकडी फळीनं मीठ ओढायचं. बोलायच्या, एखादी बाई मधेच डोळे फिरवून खाली बसायची, पाय लटपटायचे, तोंडातून शब्द नाय. तिला सावलीत न्यायचं, पेजेत मूठभर मीठ घालून पाजायचं, अर्ध्या तासात उठून परत फळी हातात. अशा किती बाया त्यांनी उठवल्या. घामातून मीठ जातं, मीठ गेलं की माणूस जातं, हे त्यांनी डोळ्यांनी बघितलेलं.

मंग मी एक दिवस बाळाचे लंगोट वाळत घालताना खुर्चीवर मटकन बसले, तेव्हा त्यांनी माझ्याकडं एकदाच बघितलं.

"चक्कर येते तुना?"

"जराशी."

"दम लागतो?"

"जरासा."

"अंगातला मीठ गेला गो तुझा. बाळंतपणान सगळा निघून जातो. थांब."

त्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ मोठा पेला पेज, वर चमचा भरून मीठ. दुपारी सुकट, नायतर भाजलेला सुका बोंबील. मी प्यायचे. तोंड वाकडं व्हायचं पण प्यायचे. कोणतरी आपल्यासाठी एवढ्या मायेनं करतंय, नको कसं बोलणार? आणि पेज पिऊन तहान लागायची, मंग वर दोन तांबे पाणी.

सूज उतरायच्या ऐवजी वर चढायला लागली. पोटऱ्या, मंग मांड्या. आत्या तेल कोमट करून चोळायच्या आणि बोलायच्या वारा शिरलाय, सव्वा महिना झाला की उतरेल. माझा नवरा मस्करी करायचा.

"हत्तीचे पाय झालेत तुझे."

"हत्तिणीला पण पोरगी होते," मी बोलले.

हसायला गेले आणि खोकला सुरू झाला. तो थांबेना. फेस आल्यासारखा खोकला. हा पाण्याचा पेला घेऊन आला. मी पाणी प्यायले, अजून पाणी.

खरी भीती मला झोपायची वाटायला लागली. दुपारी पोरीला पाजून आडवी झाले की छातीवर कोणतरी बसल्यासारखं व्हायचं. नाकातोंडात पाणी गेल्यावर जसं होतं तसं, पण मी तर पलंगावर. उठून बसले की जरा बरं. मंग एक उशी, दोन उशा, तीन, चार. शेवटी बसूनच झोपायचे, पोरगी मांडीवर. तिच्याकडं बघत बसायचे. ती एवढीशी, मिनटाला किती भरभर श्वास घेते, आणि मी तिच्यापेक्षा भरभर घेते. मी मोजून बघितलं होतं. मोजल्यावर मला रडू आलं आणि रडायला पण दम पुरेना. तेव्हा पहिल्यांदा माझ्या मनात आलं की मी मरते आहे, आणि ही मला ओळखायच्या आधी.

दीड महिन्याच्या डोससाठी पोरीला घेऊन लसीच्या दवाखान्यात गेलो, आत्या आणि मी. बाकावर बसलो. आमचा नंबर आला. सिस्टरनं सुई भरली, पोरीची मांडी पुसली आणि माझ्याकडं बघून थांबली.

"टोचायचं हिला आहे, धापा तू का टाकतेस?"

"जिना उतरून आले."

"उतरून? चढून नाही?" तिनं सुई परत ट्रेमध्ये ठेवली. "पाय दाखव."

मी साडी जरा वर केली. तिनं माझ्या नडगीवर अंगठा दाबला आणि काढला. अंगठ्याचा खड्डा पडला तो तसाच राहिला. आमी तिघी त्या खड्ड्याकडं बघत बसलो. तो भरेचना.

"रात्री किती उशा घेतेस?"

मला धसकाच बसला. उशांचं मी नवऱ्याला पण सांगितलं नव्हतं, हिला कसं कळलं?

"चार," मी बोलले. "आता बसूनच झोपते."

आत्या माझ्याकडं वळल्या. "मना का नाय सांगितला?"

सिस्टर बोलली, "मावशी, तिला नंतर ओरडा. मुलाला बोलवून घ्या. हिला इथून घरी न्यायचं नाही." आणि मंग पोरीला पटकन टोचलं. पोरगी रडली. मी तिला उचलून घ्यायला गेले तर सिस्टरनं मला हातानं अडवलं. तेवढं अडवलं ना, तेव्हा मला कळलं हे साधं नाय.

पनवेलच्या एका मोठ्या हॉस्पिटलात नेलं. रिक्षात मी पुढच्या दांड्याला धरून बसलेली, नवरा एका बाजूला, आत्या पोरीला घेऊन दुसऱ्या. सिग्नलला थांबलो की मला वाटायचं आता इथंच.

तिथं छातीची सोनोग्राफी केली, इको बोलतात. अंधाऱ्या खोलीत गार जेल लावून स्क्रीनवर माझं हृदय दाखवलं. मला त्यातलं कळत नाय, नववीत शाळा सुटली माझी. पण मला एवढं दिसलं की ते धडधडत नव्हतं, नुसतं हलत होतं. जड बादली उचलताना हात हलतो तसं. मशीन चालवणारा माणूस आधी गाणं गुणगुणत होता. तो गुणगुणायचा थांबला. मी त्याच्या तोंडाकडं बघितलं, त्यानं स्क्रीनकडं बघितलं.

मंग रक्त काढलं. रिपोर्ट घेऊन डॉक्टरीणबाई आल्या. तरुणच, केस वर बांधलेले. मला ऑक्सिजनची नळी लावलेली, पलंग पाठीकडून उभा केलेला. आत्या दारात पोरीला घेऊन उभ्या, हा माझ्या पायाशी.

"हृदय मोठं झालंय," बाई बोलल्या. "ढिलं पडलंय. बाळंतपणानंतर काही जणींना होतं. पंप नीट चालत नाही, म्हणून पाणी मागे साठलं. पायात, पोटात, फुप्फुसात. म्हणून आडवं झोपता येत नव्हतं."

मी विचारलं, "मी काय चुकीचं खाल्लं?" मरणार का, हे विचारायचं होतं. तोंडातून ते आलंच नाय.

"काय काय खातेस?"

मी सांगितलं. पेज, सुकट, बोंबील.

"पेजेत मीठ?"

"चमचाभर. दोन टाइम."

त्यांचं पेन थांबलं. "कोणी सांगितलं चमचाभर?"

मी आत्यांकडं बघितलं नाय. मुद्दाम नाय बघितलं. पण आत्याच बोलल्या, दारातून. "मी दिला. मिठागरावरच्या बायांना आमी असाच द्यायचो. उभ्या राहायच्या त्या."

मला वाटलं आता डॉक्टर त्यांना झाडणार. तसं नाय झालं. त्यांनी स्टूल ओढला, आत्यांना बोलल्या, मावशी आत या, बसा. आणि मंग जे सांगितलं ते मी तेव्हापासून कितीदातरी मनात घोळवलंय, तसंच लिहिते.

बोलल्या, "मिठागरावरच्या बाईचं मीठ खरंच घामात जायचं. तिला मीठ देणं बरोबर होतं. हिचं मीठ कुठे गेलंच नव्हतं. हिच्या अंगात आधीच जास्त होतं. मीठ जिथे जातं तिथे पाणी धरून बसतं."

मंग माझ्याकडं वळल्या. "हृदय म्हणजे फक्त पंप नाही. त्यात जास्त रक्त साठलं, त्याच्या भिंती ताणल्या की हृदय स्वतः एक हार्मोन सोडतं. तो रक्तातून किडनीपर्यंत जातो आणि सांगतो, मीठ सोड, पाणी सोड, बाहेर काढ, माझ्यावर भार आहे. आपण आत्ता रक्तात तोच मोजला. तुझा खूप वाढलाय. म्हणजे तुझं हृदय केव्हापासून सांगतंय."

"मंग किडनी ऐकत का नाय?" हे माझ्या नवऱ्यानं विचारलं.

"कारण तिला दुसरंच दिसतं. हृदय कमजोर, म्हणून किडनीकडे रक्त कमी पोचतं. तिला वाटतं अंगातलं पाणीच आटलं, ही बाई सुकत चाललीय. म्हणून ती मीठ धरून ठेवते, जेवढं मिळेल तेवढं. एकीकडून हृदय सांगतं सोड, दुसरीकडून किडनीला वाटतं धर. हृदयाचा आवाज कमी पडतो."

पोरगी आत्यांच्या खांद्यावर चुटचुट आवाज करत होती, तिला भूक लागलेली. माझ्या ब्लाऊजला ओल आली.

"मिठामुळे हे झालं का?" आत्यांनी विचारलं. आवाज एकदम बारीक.

"आजार मिठाने नाही झाला, मावशी. तो असाच होतो, का होतो ते आम्हाला पण नीट सांगता येत नाही. पण मिठाने पाणी वाढलं. आणि ते फुप्फुसात गेलं."

आत्या उठून बाहेर गेल्या. पोरीला घेऊन गेल्या. मला पोरगी हवी होती, पण हाक मारायला श्वास नव्हता.

पुढचे दिवस आयसीयूत गेले. इंजेक्शन दिलं की लघवी व्हायची, नळी लावलेली, पिशवी भरायची, सिस्टर मापायची आणि लिहायची. किती गेलं, किती प्यायले. पाणी मोजून, तोंड सुकायचं, जीभ टाळूला चिकटायची. मला भीती वाटायची की एवढं पाणी निघालं तर माझ्यात राहील काय. मी पण किडनीसारखीच. एका सिस्टरला बोलले, ताई, थोडं पाणी द्या, मी सुकून जाईन. ती बोलली, "तू सुकत नाहीयेस गं, बुडत होतीस." मंग मी परत नाय मागितलं.

तीन दिवसात आठ किलो उतरलं. पायाचा घोटा दिसला. माझा घोटा मला परत दिसला तर मी त्याला हात लावून बघितला.

पण पोरगी बाहेर. आत आणता यायचं नाय. छाती दगडासारखी, ताप यायला लागला. गोळ्या बघून डॉक्टर बोलल्या, अजून तू इतकी कमजोर आहेस आणि औषधं पण जड आहेत, पाजणं आता बंद करूया. मी हो बोलले. त्या पडदा ओढून गेल्या आणि मी तोंडात चादरीचा कोपरा कोंबला. मला एकच दिसत होतं, की पोरीला आता माझी गरज नाय. बाटली कोण पण देईल. मी गेले तर तिला कळणारपण नाय कोण गेलं.

घरी आले तेव्हा आत्या माझ्याशी धड बोलेनात. काम करायच्या, पोरीला आंघोळ घालायच्या, माझ्या गोळ्या वेळेवर द्यायच्या, पण तोंडाकडं बघायच्या नाय. आमच्याकडं ताट वाढताना पहिलं मीठ वाढतात, डाव्या हाताला, मंग बाकीचं. त्या माझं ताट घ्यायच्या, मिठाच्या भांड्याकडं हात जायचा आणि तिथंच थांबायचा. मंग हात मागं. रोज. भाजी माझी वेगळी, बिनमिठाची. पापड नाय, लोणचं नाय, सुकट तर घरातच बंद केली. रोज सकाळी काट्यावर उभं राहायचं, दोन दिवसात दोन किलो वाढलं तर लगेच फोन करायचा. काट्यावर पाय ठेवताना माझे डोळे बंद असायचे. आत्याच वाकून आकडा वाचायच्या, आणि आधी त्यांचा श्वास सुटायचा, मंग माझा.

एक दिवस मी त्यांना बोलले. भाजी निवडत बसलेल्या.

"आत्या, डॉक्टर काय बोलल्या ऐकलं ना तुमी? किडनीनं पण तेच केलं. तिला पण वाटलं माझं मीठ गेलं."

त्या भाजी निवडत राहिल्या. मंग बोलल्या, "म्हंजे तुझी किडनी पण माझ्यासारखी म्हातारी?"

"म्हातारी नाय. मिठागरावरची."

त्यांच्या तोंडाचा कोपरा हलला. मंग देठ ताटात टाकलं आणि बोलल्या, "दोघी मिलून मारत होतो तुना."

"वाचवत होता," मी बोलले. "दोघी घाबरलेल्या."

त्यांनी पदर तोंडाला लावला. पण खोटं नाय बोलले मी. मला अजून तेच वाटतं. अंगातली, घरातली, एवढी सगळी मला वाचवायला धावली, आणि खरं काय ते त्या ढिल्या पडलेल्या हृदयालाच ठाऊक होतं.

तीन महिन्यांनी परत इको आणि परत ते हार्मोनचं रक्त. मी, नवरा, आत्या, पोरगी, सगळे गेलो. आदल्या दिवसापासून माझं जेवण जाईना. नवरा बाहेर यार्डातल्या कोणाशी फोनवर बोलत होता, कुठला कंटेनर कुठं लागला ते, आणि मला राग येत होता की ह्याला कंटेनर कसे सुचतात. मंग बघितलं तर त्याचा दुसरा हात भिंतीचा रंग नखानं खरवडत होता. भिंतीवर एवढा मोठा पांढरा ठिपका पडलेला.

आत मी एकटीच गेले. डॉक्टरांनी दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवले.

"हार्मोन खूप खाली आलाय," त्या बोलल्या. "म्हणजे हृदयावरचा ताण कमी झालाय. पंप पण सुधारलाय. अजून पूर्ण नाही. गोळ्या चालू राहतील, मनाने बंद करायच्या नाहीत. मीठ कमीच. आणि दुसऱ्या बाळाचा विचार मला विचारल्याशिवाय करायचा नाही. खरं तर करूच नये असं माझं म्हणणं आहे. पुढच्या वेळी हृदय परत ढिलं पडू शकतं."

मी खुर्चीच्या दांड्याला धरलं. एवढे महिने जे तोंडातून येत नव्हतं ते तेव्हा आलं.

"मी मरणार नाय ना?"

त्यांनी चष्मा काढला. "पहिल्या दिवशी विचारलं असतंस तर मला माहीत नव्हतं. म्हणून तू विचारलं नाहीस ते बरं झालं, मला खोटं बोलता येत नाही. आज सांगते, तू बरी होतेयस. झालीस असं म्हणत नाही. होतेयस."

बाहेर आले. नवऱ्यानं फोन खाली घेतला, पण बोलणं चालूच, तिकडून कोणतरी हॅलो हॅलो करत होतं. आत्या बाकावर, पोरगी कडेवर. एवढे महिने त्यांनी मला तिला उचलून चालू दिलं नव्हतं, बसले की मांडीत द्यायच्या, उठले की काढून घ्यायच्या. दुसऱ्या बाळाचं मी त्यांना कसं सांगणार ते मला कळेना. नातवाची त्यांना किती हौस होती ते मला माहीत होतं.

"काय बोलली?" त्यांनी विचारलं.

"बरी होतेय बोलल्या. पण परत बाळंतपण नको. परत होऊ शकतं हे."

त्यांनी माझ्याकडं बघितलं, बराच वेळ, पायापासून वरपर्यंत. मंग उभ्या राहिल्या आणि पोरीला माझ्या अंगावर टाकली.

"धर मंग हिला. एकटीच हाय ती आता आपली, जड झाली, माझा हात दुखला."

मी तिला घेतली. दरवाज्यापर्यंत चालत गेले. पावलं मोजत होते, श्वास मोजत होते, भीती होतीच, ती अजून पण हाय. आत्या मागून येत होत्या, अगदी पाठीला लागून, दोन्ही हात पुढं धरून.